शहाणपणाची प्रतवारी

मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘फ्रोनिमोस’ हे ग्रीक विशेषण ७ वेळा येते. संपूर्ण नव्या करारात ते १४ वेळा आले आहे. म्हणजे निम्मा वाटा एकट्या मत्तयाचा. मार्क आणि योहान यांच्याकडे ते एकदाही नाही. कोशांतून त्याचे अर्थ शहाणा, समंजस, पुढचे पाहणारा, व्यवहार जाणणारा असे दिलेले असतात. लेखकाने एखादा शब्द इतक्या आग्रहाने पुन्हा पुन्हा वापरला असेल, तर तो शब्द त्याच्या रचनेत काही काम करीत असला पाहिजे, हे आपण मराठीच्या वर्गात बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही सांगतो. मराठी बायबलात मात्र हा शब्द ओळखूच येत नाही. तो तेथे नाही असे नव्हे. तो ठिकठिकाणी वेगळ्या वेषात उभा आहे, आणि कोणाच्या वाट्याला कोणता वेष आला हे पाहिले की आमचा आक्षेप काय आहे ते ध्यानात येईल.

बायबल सोसायटीची जी आवृत्ती मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सामान्यतः वाचली जाते ती घेऊ. डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस खडकावर घर बांधणारा गृहस्थ येतो. तो ‘सुज्ञ’ आहे. धन्याने घरच्या माणसांवर नेमलेला विश्वासू दास ‘बुद्धिमान’ आहे. लांडग्यांत मेंढरे सोडावीत तसे ज्यांना गावोगाव पाठवले, त्या शिष्यांनी सापांसारखे ‘चतुर’ व्हायचे आहे. दिवे घेऊन वराला सामोऱ्या गेलेल्या दहा कुमारींपैकी पाच ‘शहाण्या’ आहेत. लूककडे वळावे तर तेथे नोकरी जाण्याच्या बेतात असलेला लबाड कारभारी ‘शहाणपण’ करतो. या साऱ्यांसाठी ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. लूकच्या कारभाऱ्यापाशी तेवढे त्याचे क्रियाविशेषण झाले आहे.

मूळ मजकुराने एकच बुद्धी घरमालकाला, गुलामाला, निराधार प्रवाशांना, मुलींना आणि अफरातफर करणाऱ्या कारकुनाला दिली. मराठीने तिची प्रतवारी लावली. यवतमाळात राहणाऱ्याला प्रतवारी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच शेतातला, एकाच वेचणीचा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरच्या हाताखालून जातो आणि त्याची जात ठरते. ती ठरवताना नजर नेहमी कापसावरच असते असे नाही. घर ज्याच्या मालकीचे तो सुज्ञ ठरला. धन्याचा भरवसा ज्याने कमावला तो बुद्धिमान. उघड्यावर सोडलेले चतुर. आणि मुली शहाण्या. ‘शहाणी मुलगी’ आपल्या घरांतून कोणाला म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे. जी सांगितलेले ऐकते तिला. भाषांतरकारांनी हे जाणूनबुजून केले असा आमचा आरोप नाही. जाणूनबुजून केले असते तर बरे झाले असते, निदान त्यांच्याशी वाद घालता आला असता. हे भाषेच्या सवयीतून घडले, आणि सवयीला कोणी जाब विचारीत नाही.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून होऊ लागले. त्याला सेप्ट्युअजिंट म्हणतात. त्या भाषांतरात उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात एदेन बागेतला सर्प प्रवेश करतो आणि त्याला लावलेले विशेषण आहे फ्रोनिमोसचेच तमभाव दाखवणारे रूप. सर्व वनचरांत तो सर्वाधिक फ्रोनिमोस. मत्तयाचे पहिले वाचक ग्रीक जाणणारे होते, हे शास्त्र त्यांच्या कानांवर होते. त्यांना येशू जेव्हा सापांसारखे फ्रोनिमोस व्हा असे सांगतो, तेव्हा ते वाक्य केवळ निसर्गातल्या सापाविषयी राहत नाही. ज्या बुद्धीने हव्वेला फसवले, तीच बुद्धी मागून घ्या, पण मन कबुतरासारखे ठेवा, असा त्याचा धक्कादायक स्वर आहे. मराठीत उत्पत्तीतला सर्प ‘धूर्त’ आहे, कारण तेथे हिब्रू शब्दाचे भाषांतर केले गेले. मत्तयातले शिष्य ‘चतुर’ आहेत. दोन्ही शब्द आपापल्या जागी निर्दोष आहेत आणि दोहोंमधली गाठ सुटून गेली आहे. धूर्त आणि चतुर यांच्यात जे अंतर आहे ते मूळात नव्हते. ते आपण सोयीसाठी निर्माण केले, कारण शिष्यांना धूर्त म्हणवत नाही आणि सैतानाला चतुर म्हणवत नाही.

कारभाऱ्याचा दृष्टान्त तर या जिल्ह्यात विशेष नीट वाचला गेला पाहिजे. श्रीमंत धन्याचा कारभारी पैसे उडवतो अशी तक्रार येते. हिशेब दे आणि नोकरी सोड, असे धनी सांगतो. कारभारी स्वतःशी विचार करतो: खणायचे बळ नाही, भीक मागायची लाज वाटते. मग तो कुळांना एकेक करून बोलावतो. शंभर मापे तेल देणे असेल त्याला म्हणतो, बैस, लवकर पन्नास लिही. शंभर मापे गहू देणे असेल त्याला ऐंशी लिहायला सांगतो. उद्या घरातून काढले तर चार दारे उघडी राहावीत, एवढाच त्यामागचा हेतू. हे सर्व कळल्यावर धनी काय करतो? त्याची वाखाणणी करतो, तो फ्रोनिमोस रीतीने वागला म्हणून. सावकाराचे खत, दिवाणजीची लेखणी आणि कर्जातली सूट हे ज्या मुलखात रोजचे बोलणे आहे, तेथे या गोष्टीला तळटीप लागत नाही. लागते ती धर्मपंडितांना. शतकानुशतके त्यांनी या वाखाणणीचा काही पवित्र अर्थ लावण्याची खटपट केली आहे: कारभाऱ्याने केवळ स्वतःची दलाली सोडली, केवळ व्याज माफ केले, इत्यादी. त्यांची अडचण एवढीच की शब्द शहाणपणाचा आहे आणि माणूस अप्रामाणिक आहे. फ्रोनिमोस म्हणजे सद्गुणी, असे मानले की ही अडचण उभी राहते. मजकुराने तसे कोठेच म्हटलेले नाही. लूकनेच चार अध्याय आधी विश्वासू कारभाऱ्यालाही हेच विशेषण दिले आहे. दोन कारभारी, एक विश्वासू, एक लबाड, आणि बुद्धी एकच: ही जोडी लूकने जवळजवळ शेजारी ठेवली आहे.

मराठी भाषांतर या एका ठिकाणी अचूक उतरले आहे, असे आम्हांला वाटते. ‘शहाणपण केले’ या शब्दांत कौतुक आहे आणि किंचित बोचही आहे. याचे श्रेय मराठी शब्दाला द्यावे लागते. शहाणा हा शब्द संस्कृत ‘सज्ञान’ या शब्दावरून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. हिंदीतला सयाना त्याचाच भाऊ. (त्या ‘सज्ञान’चे आज आपल्याकडे फक्त कायद्याचे वय उरले आहे.) बोलण्यात मात्र शहाण्याने अनेक उद्योग केले. शहाण्याला शब्दाचा मार, यात तो आदरणीय आहे. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, यात तो हास्यास्पद आहे. दीडशहाणा ही तर उघड शिवी. ‘फार शहाणा आहेस’ हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले यावर त्याचा सगळा अर्थ ठरतो. असा दुधारी शब्द आपल्या भाषेत सिद्ध असताना त्याला बाजूला सारून ‘सुज्ञ’सारखे इस्त्री केलेले विशेषण घेण्याची गरज काय होती? सुज्ञ हा लग्नपत्रिकेच्या आणि जाहीर निवेदनाच्या शेवटी शोभणारा शब्द आहे. सुज्ञांस सांगणे न लगे. सुज्ञ माणूस कधी फसवीत नाही आणि त्याच्यावर कधी कोणी संशयही घेत नाही. म्हणजे फ्रोनिमोसला जी धार आहे ती त्याला नाही.

आता दुसरा शब्द, सोफोस. याची कथा उलट आहे. फ्रोनिमोसचे तुकडे झाले. सोफोसवर मात्र एका जड शब्दाचे ओझे पडले. तो शब्द ‘ज्ञानी’. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल जगाच्या सोफियाची, म्हणजे शहाणपणाची, खिल्ली उडवतो. देवाने जगातले मूर्ख ते निवडून सोफोस लोकांना लाजवले असे म्हणतो. मराठीत येथे ‘ज्ञान’ आणि ‘ज्ञानी’ आहे. ज्या भाषेत ज्ञानेश्वरी आहे, ज्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे विस्ताराने सांगितली आहेत आणि त्यांत अहिंसा, क्षमा, नम्रता येते, त्या भाषेत ‘ज्ञानी’ माणसाला देवाने लाजवले असे वाचणाऱ्यावर काय परिणाम होत असेल? एक तर वाचणारा म्हणेल की हा धर्म ज्ञानाचा वैरी आहे. असे म्हणणारे मराठी टीकाकार गेल्या दोनशे वर्षांत थोडे झाले नाहीत. किंवा व्यासपीठावरचा प्रवचनकार म्हणेल की शिकून काय होते, देवाला अडाणीच आवडतात. हा दुसरा प्रकार आम्हांला अधिक घातक वाटतो, कारण तो आमच्या वर्गात येऊन बसतो. ज्या घरांतून कॉलेजात येणारे पहिलेच मूल असते, त्या घरांना शिक्षणाविरुद्ध आणखी एका प्रमाणवाक्याची गरज नाही.

पौलाने असे काही म्हटलेलेच नाही. त्याच अध्यायात तो करिंथच्या मंडळीला आठवण देतो की तुमच्यात फारसे सोफोस नाहीत, फारसे सत्ताधारी नाहीत, फारसे कुलीन नाहीत. ही तीन विशेषणे एका ओळीत आली आहेत, आणि त्यावरून सोफोस येथे कोण ते कळते. सत्ता आणि कुळ यांच्या पंगतीला बसणारा, वक्तृत्वाने शहर गाजवणारा प्रतिष्ठित पंडित. मराठीत त्याला ‘ज्ञानी’ म्हणून संतांच्या शेजारी का बसवावे? ‘विद्वान’ म्हटले असते, ‘शास्त्री-पंडित’ म्हटले असते, तर आपल्या समाजाचा इतिहास माहीत असलेल्या कोणालाही पौलाचा रोख नेमका कळला असता. त्यातच पुढे आठव्या अध्यायात पौल ‘ग्नोसिस’ माणसाला फुगवते असे म्हणतो. तेथेही मराठीत ‘ज्ञान’च. सोफिया आणि ग्नोसिस हे दोन वेगळे शब्द एकाच पत्रात मराठी वाचकापुढे एकच होऊन येतात. पुढे बाराव्या अध्यायात दोन्ही शेजारी शेजारी आल्यावर एकाला ‘ज्ञान’ ठेवून दुसऱ्याला ‘विद्या’ म्हणावे लागले आहे. हातातला शब्द आधीच खर्च झाला की असे होते.

ज्यांना प्रवचनकारांचे हे तर्कट पटते, त्यांनी या भागातल्याच एका माणसाकडे पाहावे. आमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते संत गाडगेबाबा शाळेत शिकले नव्हते. आयुष्यभर कीर्तनांतून ते लोकांना प्रश्न विचारीत राहिले आणि सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, भांडी विका पण पोरांना शिकवा. पंडितांना लाजवणे आणि शिक्षणाला हिणवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी केले असेल असे वाटत नाही.

सोफोस म्हणजे वाईट बुद्धी आणि फ्रोनिमोस म्हणजे चांगली बुद्धी, अशीही एक सुटसुटीत विभागणी भाविक टीकाग्रंथांतून फिरत असते. तिला ॲरिस्टॉटलचा आधार दिला जातो. त्याने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सहाव्या भागात सोफिया आणि फ्रोनेसिस यांच्यात भेद केला आहे, एक अंतिम तत्त्वांचे ज्ञान आणि दुसरे आचरणातले तारतम्य. नव्या कराराचे लेखक ॲरिस्टॉटलचे विद्यार्थी नव्हते. पौल स्वतःला सोफोस स्थपती म्हणवून घेतो, म्हणजे पाया घालणारा कुशल कारागीर. रोमकरांस पत्राच्या शेवटी एकच सोफोस असलेल्या देवाला तो वंदन करतो. मत्तयातला येशू संदेष्ट्यांच्या बरोबरीने सोफोस माणसेही पाठवणार आहे. आणि सर्वांत लक्षणीय जागा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातली. मंडळीतले भाऊ एकमेकांवर फिर्यादी करून बाहेरच्या न्यायालयात जातात, यावर पौल संतापतो आणि विचारतो की भावाभावांतला निवाडा करील असा एकही सोफोस तुमच्यात नाही काय? येथे ज्ञानी कामाचा नाही आणि पंडितही नाही. येथे हवा आहे गावचा शहाणा माणूस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्यांच्या तोंडी आहे त्यांना पौलाचे हे वाक्य अनुवादाविनाच समजेल.

म्हणजे एका ग्रीक शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द चिकटवा, असे आमचे यांत्रिक म्हणणे नाही. सोफोसला संदर्भाप्रमाणे कुशल, पंडित, शहाणा असे फिरावे लागेल, कारण एवढा पल्ला असलेला एक शब्द मराठीत नाही. ‘जाणता’ थोडा जवळ जातो. फ्रोनिमोसच्या बाबतीत मात्र तेवढ्याच पल्ल्याचा, तेवढाच दुटप्पी शब्द आपल्याकडे आयता होता. तेथे संदर्भाची सबब चालत नाही. शिवाय पुनरावृत्ती हाही संदर्भच असतो. मत्तयाने घर बांधणाऱ्यापासून दिवेवाल्या मुलींपर्यंत जो धागा नेला, तो अर्थाचा भाग आहे.

धर्मग्रंथाची भाषा भारदस्त असली पाहिजे, ही दुसरी सबब. नव्या कराराचे ग्रीक भारदस्त नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवरची पत्रे, पावत्या, तक्रारअर्ज यांची भाषा आणि या ग्रंथाची भाषा एकाच जातीची आहे, हे आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले, त्यालाही आता शतक उलटले. आणि आपल्या वऱ्हाडात हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना नागदेवाचार्यांनी अडवले ते माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील या कारणाने, हे महानुभावांच्या स्मृतिस्थळात नोंदलेले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते सामान्य, अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा काम नुकतेच पुरे झाले होते. १९२४ साली ते ग्रंथरूपाने आले. मूळ भाषांवरून एकट्या स्त्रीने अख्खे बायबल भाषांतरित करणे ही जगाच्या दृष्टीनेही दुर्मीळ घटना. आपल्या एम.ए.च्या अभ्यासक्रमांतून ‘यमुनापर्यटन’ असते, ‘स्मृतिचित्रे’ असतात, फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ इतिहासाच्या प्रकरणात येऊन जाते. रमाबाईंचे हे गद्य कोठे असते?

मराठी समीक्षेने हा सगळा प्रांत ‘ख्रिस्ती वाङ्मय’ अशी पाटी लावून कुलूपबंद केला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा वाद झाला तो त्यांच्या धर्मगुरू असण्यावर. त्यांच्या ‘सुबोध बायबल’मधल्या मराठीवर कोणी भांडले नाही. आम्हां यवतमाळकरांना तर बोलायला जागाच नाही. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी याच गावात होती. नंतर ती पुण्याला गेली. म्हणजे १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळला साहित्य संमेलन भरले, तेव्हा नव्या कराराचे ग्रीक शिकवणारी संस्था याच गावात नांदत होती. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल इंग्रजीतून वाचून अनुकृतीवर व्याख्याने देणाऱ्या मराठी प्राध्यापकांना ग्रीक अक्षर शिकायला दुसऱ्या गावी जायचे कारण नव्हते. त्या शेजाराची मराठी समीक्षेत काही खूण उरलेली नाही.

ते दिवस गेले, संहिता आहेत. सेरामपूरची १८११ सालची, जिच्या मराठीला नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांचा हात लागला होता, मुंबईच्या अमेरिकन मिशनची १८२६ सालची, रमाबाईंची, सोसायटीची, दिब्रिटोंची. भाषांतरमीमांसेच्या प्रश्नपत्रिकेत दरवर्षी शेक्सपिअरची मराठी नाटके येतात. एकदा मत्तयाचा पंचविसावा अध्याय या पाच संहितांतून समोरासमोर ठेवून पाहावा. वर्गातली एखादी मुलगी विचारीलच की त्या पाच जणींनी दुसऱ्या पाच जणींना थेंबभर तेल दिले नाही, बाजारात जाऊन विकत घ्या म्हणून सांगितले आणि दार लागले तरी मागे वळून पाहिले नाही. मग त्या चांगल्या कशा? ग्रंथाने त्यांना चांगल्या म्हटलेलेच नाही. शहाण्या म्हटले आहे.